पन्नास वर्षांत उडून का गेले नाही?

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचे सरकारी हायस्कूल सप्टेंबर २०२० मध्ये बंद करावे लागले. कारण कोविड नव्हते. १९६४ सालची ती इमारत नव्याने सजवायची होती, त्याआधीच्या तपासणीत बांधकामात आणि वर्गांच्या हवेत पीसीबी नावाचे रसायन सापडले. मार्च २०२१ पासून मुले शहराच्या मध्यवस्तीतल्या, बंद पडलेल्या 'मेसीज' या मोठ्या दुकानाच्या इमारतीत शिकू लागली. सरकत्या जिन्याने वर्गात जायचे आणि विक्रीच्या मजल्यावर उभारलेल्या आडभिंतींमागे बसायचे. जुनी शाळा पाडून नवी बांधायचे ठरले.

ही हकिगत कोणालाही सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, इमारत जवळजवळ साठ वर्षांची. जे काय विषारी असेल ते एव्हाना उडून गेले असेल की!" नव्या रंगाचा वास आठवड्याभरात जातो, नव्या फर्निचरचा काही महिन्यांत जातो, मग हे का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर इतके सुंदर आहे की या लेखाचा बराच भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

आधी पीसीबी म्हणजे काय ते पाहू. बेंझीनची षटकोनी कडी शाळेत सगळ्यांनी काढलेली असते. अशा दोन कड्या एका बंधाने जोडल्या की बायफेनिल तयार होते. त्याच्या कडेला हायड्रोजनच्या दहा जागा असतात. त्यांतल्या एक ते दहा जागांवर क्लोरीन बसवला की पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी. क्लोरीन किती आणि कुठे, यावरून याचे २०९ प्रकार होतात. कारखान्यात ते सुटे न बनता मिश्रणातच बनत. मोन्सँटो कंपनीच्या 'अ‍ॅरोक्लोर १२५४' या मिश्रणाच्या नावातले १२ म्हणजे कार्बनचे अणू आणि ५४ म्हणजे वजनाने ५४ टक्के क्लोरीन.

हे रसायन इंजिनिअर लोकांना फार आवडे. ते सहजी पेटत नाही, आम्लाला दाद देत नाही, वीज वाहू देत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, कपॅसिटरमध्ये, ट्यूबलाइटच्या चोकमध्ये ते भरले गेले. याखेरीज एक उपयोग असा होता, ज्याकडे फार उशिरा लक्ष गेले. १९५० नंतर युरोप-अमेरिकेत काँक्रीटच्या तयार फळ्या जोडून झपाट्याने इमारती उभ्या राहू लागल्या. दोन फळ्यांमधला सांधा उन्हाळ्यात आवळतो आणि थंडीत फाकतो. तिथे खिडकीच्या काचेला लावतात तशी लांबी (पुट्टी) भरली तर ती वाळून तडकते. म्हणून रबरासारखा ताणला जाणारा पॉलिसल्फाइडचा सीलंट आला, आणि तो वर्षानुवर्षे मऊ राहावा म्हणून त्यात पीसीबी मिसळले गेले. चिमूटभर नव्हे, काही सीलंटमध्ये वजनाच्या २० ते ३० टक्के.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९६६ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन डीडीटीचे अंश शोधत असताना त्यांना मासे आणि गरुड यांच्या नमुन्यांत वेगळेच अनोळखी रसायन वारंवार दिसू लागले. ते पीसीबी निघाले. १९६८ मध्ये जपानच्या क्युशू बेटावर तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी गळून मिसळले आणि शेकडो कुटुंबांना विषबाधा झाली. 'युशो' नावाने तो आजार ओळखला जातो. स्वीडन आणि जपान यांनी १९७२ मध्ये, तर अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी आणली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. थायरॉइड आणि वाढत्या मुलांचा मेंदू यांच्यावरच्या परिणामांची काळजी तर त्याआधीपासूनच होती.

बंदी कारखान्यावर आली. सांध्यात भरलेला माल भिंतीतच राहिला.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. साधारण ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्ग घ्या. आत अंदाजे २०० घनमीटर हवा. तासाला एकदा ही हवा पूर्ण बदलते असे धरू. जर्मनीत घरातल्या हवेसाठी ३०० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) दर घनमीटर ही पीसीबीची सावधगिरीची पातळी मानत आले आहेत. या वर्गात नेमकी तेवढी पातळी टिकवायची, तर दर तासाला किती पीसीबी हवेत यायला हवे? २०० गुणिले ३००, म्हणजे ६०,००० नॅनोग्रॅम, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. दिवसाला दीड मिलिग्रॅमच्या आत. वर्षाला जेमतेम अर्धा ग्रॅम.

आता भिंतीत साठा किती आहे तो पाहा. सांधा एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल असेल तर एक मीटर लांबीत १०० घनसेंटिमीटर सीलंट बसतो, वजन साधारण १५० ग्रॅम. त्यात फक्त १० टक्के पीसीबी धरले तरी मीटरमागे १५ ग्रॅम. वर्गाच्या खिडक्यांभोवती मिळून २० मीटर सांधा असेल तर ३०० ग्रॅम. वर्षाला अर्धा ग्रॅम खर्च, साठा ३०० ग्रॅम. हिशेब करा, जवळजवळ सहाशे वर्षे पुरेल. पन्नास वर्षांत सीलंटमधले दहा टक्केही पीसीबी कमी झालेले नसते.

पण ते इतके सावकाश का निघते? पदार्थाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. त्या थराच्या तळाशी, सीलंटला अगदी चिकटून, हवेत किती पीसीबी मावते हे त्याच्या बाष्पदाबावर, म्हणजे वाफ होऊन उडण्याच्या ओढीवर ठरते, आणि तो दाब अतिशय कमी आहे. प्रत्येक वाढीव क्लोरीनमागे तो आणखी काही पटींनी घसरतो. म्हणून कमी क्लोरीनचे प्रकार आधी बाहेर पडतात, आणि वर्गातल्या हवेतले मिश्रण सीलंटमधल्या मिश्रणापेक्षा वेगळे दिसते. सीलंटच्या आत, घनमीटरमागे मोजले, तर वर्गातल्या हवेच्या अब्जावधी पट पीसीबी दडलेले असते. अडचण साठ्याची नाही, दाराची आहे. दार अरुंद आणि आत कोठार भरलेले, म्हणून बाहेर येण्याचा वेग वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहतो. रंगातले टर्पेंटाइन याच्या नेमके उलटे वागते: दार सताड उघडे आणि साठा थोडा, म्हणून आठवड्यात खेळ संपतो. तापमान वाढले की पीसीबीचा बाष्पदाब भराभर वाढतो, त्यामुळे उन्हाच्या बाजूच्या वर्गात उन्हाळ्यात मोजलेला आकडा हिवाळ्यातल्या आकड्याच्या कितीतरी वर जातो.

गोष्ट इथे संपली असती तर उपाय सोपा होता: सीलंट खरवडून काढा. पण हिंगाचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून, घासून-पुसून त्यात साखर भरून पाहा. साखरेला हिंगाचा वास येतो, कारण हिंग डब्यातून गेला तरी डब्याच्या अंगात मुरलेला असतो. वर्गातही हेच घडते. हवेत आलेले पीसीबी रंगात, गिलाव्यात, छताच्या फळ्यांत, फरशीच्या मेणात आणि धुळीत चाळीस-पन्नास वर्षे मुरत राहते.

इथे क्षेत्रफळाचे गणित महत्त्वाचे ठरते. सीलंटचा उघडा पृष्ठभाग किती? २० मीटर गुणिले एक सेंटिमीटर, म्हणजे ०.२ चौरस मीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून २०० चौरस मीटरच्या वर. हजार पट! मुरलेल्या भिंतीतले पीसीबी सीलंटच्या मानाने नगण्य, पण तिचा विस्तार हजार पट. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तासाला साधारण एक घनमीटर हवेची देवघेव होते असे धरले, तर २०० चौरस मीटर भिंत म्हणजे तासाला २०० घनमीटर. खिडक्यांतून बदलणारी हवाही तेवढीच. दोन्ही जोर बरोबरीचे. म्हणून ज्या दिवशी सगळा सीलंट निघेल, त्या दिवशी हवेतली पातळी ३०० वरून शून्यावर येत नाही, १५० च्या आसपास अडकते. उरलेले भिंती परत देत असतात. आणि पंखे लावून हवा बदलण्याचा वेग दुप्पट केला तरी ही १५० ची पातळी ७५ वर येत नाही, १०० वर थांबते, कारण हवा स्वच्छ झाली की भिंत अधिक जोमाने सोडू लागते. ही आकडेमोड ढोबळ आहे, पण मुद्दा तिच्यातून दिसतो. साफसफाईनंतरचे मोजमाप निराशाजनक का येते, हे कंत्राटदाराच्या हलगर्जीपणाचा संशय न घेताही यातून समजते.

हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली काय काय विकले जाते ते पाहून मला खरोखर वाईट वाटते. कोपऱ्यात मिठाची वाटी, वास्तुदोषनिवारक पिरॅमिड, आणि सुशिक्षितांसाठी 'हवा शोषणारी' कुंडीतली झाडे. झाडांचा दावा १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून आला, पण तो प्रयोग लहान बंद पेटीत झाला होता. खऱ्या खोलीत साध्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे नंतरच्या अभ्यासाने दाखवले. तेही बाष्पशील, म्हणजे सहज उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी. शेकडो चौरस मीटर भिंत जिथे पीसीबी परत सोडते आहे तिथे मनी प्लांट काय करणार? याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या शाळेत बसलेल्या प्रत्येक मुलाला कर्करोग होईल, अशा घबराटीलाही आधार नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात पीसीबी मुख्यतः अन्नातून, मासे आणि चरबीतून येते. वर्गातली हवा त्यात भर घालते. ती भर टाळता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच टाळायला हवी.

स्वच्छता कशी करतात? सीलंट हाताच्या अवजारांनी कापतात. गरम हवेची बंदूक चालत नाही, कारण तापवले की वाफ वाढते आणि अर्धवट जळाले तर फ्युरान नावाची, पीसीबीहून जहाल द्रव्ये तयार होतात. युशोच्या तेलातही वारंवार तापल्यामुळे तीच होती. सांध्यालगतच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पीसीबी काही सेंटिमीटर आत शिरलेले असते, तेव्हा तेवढी पट्टीही कापावी लागते. मुरलेल्या भिंतींवर इपॉक्सीसारखा लेप देतात, म्हणजे दार आणखी अरुंद करतात. कमी पीसीबीच्या पृष्ठभागावर हा उपाय चांगला चालतो. भरपूर पीसीबीच्या सीलंटवर नुसता लेप दिला तर काही काळाने लेपच मुरतो. निघालेला कचरा जाळायचा तर साधी भट्टी चालत नाही, फार उच्च तापमानाची खास भट्टी लागते.

आता कायद्याविषयी, आणि इथे माझे मत ठाम आहे. अमेरिकेत सीलंटमध्ये ५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग) किंवा त्याहून जास्त पीसीबी असेल तर त्याचा वापर बेकायदा ठरतो, तो काढावाच लागतो. दहा टक्क्यांचा सीलंट म्हणजे एक लाख पीपीएम, मर्यादेच्या दोन हजार पट. नियम कडक वाटतो. पण केंद्रीय कायदा तपासायला सांगत नाही. सापडले तर लाखो डॉलरचा खर्च, शोधलेच नाही तर काहीच नाही. मग कोणता शाळाचालक आपणहून नमुना पाठवेल? २००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बॉस्टन परिसरातल्या २४ इमारती तपासल्या, तेव्हा १३ मध्ये पीसीबीचा सीलंट होता आणि ८ मध्ये तो मर्यादेच्या वर. कॅलिफोर्नियातल्या मालिबू शहरात पालकांना शाळेतले नमुने स्वतः तपासून घ्यावे लागले आणि न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे २०१६ मध्ये पीसीबी काढण्याचा आदेश आला.

स्वीडनने याच्या उलट केले. १९५६ ते १९७३ दरम्यान बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या इमारतींच्या मालकांनी स्वतः पीसीबी शोधायचे, आणि ५०० पीपीएमच्या वर निघाले तर ठरलेल्या मुदतीत काढायचे. मर्यादा दहापट सैल, पण शोधणे सक्तीचे. ज्या द्रव्याचा त्रास वर्गात बसलेल्या कोणालाही जाणवत नाही, त्याच्या बाबतीत सैल मर्यादेसह सक्तीची तपासणी ही कडक मर्यादेसह ऐच्छिक तपासणीपेक्षा कितीतरी जास्त मुलांना वाचवते. व्हरमाँटने बर्लिंग्टनच्या अनुभवानंतर २०२१ मध्ये तसा कायदा केला: १९८० पूर्वी बांधलेल्या किंवा दुरुस्त झालेल्या सर्व शाळांच्या हवेची तपासणी. कारवाईची पातळी बालवाडीसाठी ३०, सहावीपर्यंत ६०, पुढे १०० नॅनोग्रॅम. वय लहान तशी मर्यादा कडक. अमेरिकेत मुले शाळेत घालणाऱ्या मराठी पालकांनी शाळा मंडळाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: इमारत १९५० ते १९७९ मधली आहे का, आणि सीलंट व हवा तपासली आहे का.

आपल्याकडे पीसीबी मुख्यतः आयात ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांतून आले. भारत सरकारच्या २०१६ च्या आदेशाने त्याच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत घातली होती. पण जुन्या इमारतींतली घातक द्रव्ये म्हणजे केवळ पीसीबी नव्हे. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे, सांडपाण्याचे जुने पाइप, शिशाचा रंग दिलेल्या चौकटी हे सगळे आपल्या चाळींत, शाळांत, गोदामांत आहे. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीचे थर अजून दारांवर आहेत. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे. इंजिनिअर येऊन खांब ठोकून पाहतो, काँक्रीटचे नमुने काढतो. त्याच भेटीत पत्रा कशाचा आहे, चौकटीवरच्या रंगात शिसे आहे का, मीटरच्या खोलीत चिकट काळा द्रव गळणारा जुना कपॅसिटर पडला आहे का, हे पाहून एक वेगळे पान लिहिता येईल. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी झाली की पाडणारा कंत्राटदार पत्रे हातोड्याने फोडतो आणि कपॅसिटर भंगारात घालतो. ते पान त्याच्या हातात पाडकामाच्या परवान्याबरोबरच पडायला हवे.