पाण्यात सैल, पटलावर वेटोळं

गांधीलमाशी डसली की घरातलं कुणीतरी हमखास लोखंड शोधायला धावतं. किल्ली, विळी, हाताला लागेल ते. ते चोळून होईपर्यंत विषानं पेशींच्या दारात काम सुरूही केलेलं असतं.

या विषात एंझाइम्स असतात, हिस्टामिन असतं आणि असतात छोटी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड माळा. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातलं एक वेगळं काढलं. ते मास्ट पेशींना (शरीराच्या संरक्षणातल्या पेशींना) खाज-सूज आणणारं हिस्टामिन ओतायला लावतं, म्हणून नाव पडलं मास्टोपॅरान. माळेत मणी फक्त १४.

पाण्यात ही माळ सैल लोंबत असते, तिला धड आकार नसतो. पेशीपटलाला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणाला, टेकली की मात्र तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं होतं. एका वळणात साधारण ३.६ मणी बसतात, त्यामुळे तेलकट मणी एका अंगाला येतात आणि धन प्रभार असलेले लायसिनचे मणी दुसऱ्या अंगाला. पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर: रेणूंची डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आत. पेप्टाइडची तेलकट बाजू शेपट्यांकडे घुसते, प्रभारित बाजू डोक्यांपाशी राहते.

अशी पेप्टाइडं पटलाला भोक पाडतात, पण इथे एक हिशेब जुळत नाही. १४ मण्यांच्या वेटोळ्याची लांबी जेमतेम २.१ नॅनोमीटर. पटलाचा नुसता तेलकट गाभाच सुमारे ३ नॅनोमीटर जाड. खिळ्यासारखं आरपार जाण्याइतकी ही लांबीच नाही! मग भोक पडतं कसं? बरीचशी पेप्टाइडं पटलावर आडवी पडतात, डोक्यांमध्ये पाचर मारल्यासारखी. वरचा थर ताणला जातो, पटल पातळ होतं आणि पुरेशी गर्दी झाली की फाटतं.

कुठलं पटल फाटणार, हे मेदावर ठरतं. ब्राझीलमधल्या पॉलिबिया पॉलिस्टा या गांधीलमाशीचं एमपी१ हे पेप्टाइड कर्करोगाच्या पेशी फोडतं, निरोगी पेशींना मात्र फारसं छेडत नाही. निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन (पीएस) हा ऋण प्रभाराचा मेद ऊर्जा खर्चून आतल्या थरात ठेवते. कर्करोगाच्या पेशीत ही शिस्त ढिली पडते आणि तो बाहेर दिसू लागतो. त्याच्यासोबत पीई नावाचा मेदही.

ब्राझील आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कृत्रिम पटलांवर हे दोन मेद वेगवेगळे तपासले. पीएस असेल तर पेप्टाइड ७ ते ८ पट जास्त चिकटतं. पीई असेल तर भोकं २० ते ३० पट मोठी होतात, इतकी की आतले आरएनए आणि प्रथिनं बाहेर सांडतील. एक मेद पाहुण्याला थांबवतो, दुसरा भिंत पाडायला मदत करतो. मला या कामातली ही वाटणीच सगळ्यात आवडते.

औषध मात्र अजून लांब आहे. शरीरातली एंझाइम्स अशा माळा पटापट तोडतात. त्यावरची एक युक्ती मधमाशीच्या विषातून दिसली. १९९० मध्ये तिथल्या मेलिटिनचं आरशातलं रूप तयार केलं गेलं, सगळी अमिनो आम्लं उलट्या हाताची. एंझाइमच्या कात्रीला ते कापता येत नाही. जीवाणू मात्र ते मूळ मेलिटिनइतक्याच जोरात मारत होतं. म्हणजे पेप्टाइड पटलावरच्या एखाद्या ठरावीक खाचेत बसत नाही; तसा कुलूप-किल्लीचा मामला असता, तर उलटी किल्ली चाललीच नसती.