पंखा फिरतोय, तरी ‘फॅन फेल’: टॅकची वायर वेगळी, अलार्मची वेगळी

दर काही दिवसांनी कुणीतरी मला तोच फोटो पाठवतं. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला चोवीस पोर्टचा नेटवर्क स्विच, झाकण उघडलेलं, आत तपकिरी रंगाचे दोन नवेकोरे नॉक्टुआ कंपनीचे पंखे आणि पुढच्या पट्टीवर नारिंगी दिवा. खाली प्रश्न: “पंखे मस्त फिरतायत, आवाज गेला, पण स्विच फॅन फेल म्हणतोय. डुप्लिकेट माल आला का?”

माल अस्सल आहे हो. घोटाळा तिसऱ्या वायरीत आहे. आणि त्यावर ठरलेलं उत्तर येतं, “तिसरी वायर ग्राउंड करून टाक.” हा तोडगा कधी लागू पडतो, कधी अजिबात पडत नाही. लागू पडतो तेव्हाच तो जास्त घातक, हे मात्र कुणी सांगत नाही.

पीसीच्या कॅबिनेटचा फॅन तुम्ही बदलला असेल, तर बाकीचं तुम्हाला माहीत आहेच. आकार ४० मिलिमीटर. एक यू, म्हणजे रॅकमधल्या एका खणाची उंची, ४४.४५ मिलिमीटर, त्यात याहून मोठा बसत नाही. जाडी मोजून घ्या, २८ च्या जागी २० चा बसतो, उलटं नाही. व्होल्टेज बहुधा १२, तरी स्टिकर वाचा. पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, तेव्हा प्लग बसला म्हणजे जुळला असं समजू नका. रंगावर तर मुळीच जाऊ नका. जुन्या तीन वायरच्या पीसी फॅनमध्ये लाल म्हणजे १२ व्होल्ट आणि पिवळी म्हणजे टॅक, पंख्याचा वेग कळवणारी वायर. चार वायरच्या फॅनमध्ये पिवळीच १२ व्होल्टची आणि टॅक हिरवी. नुसता रंग बघून सोल्डर मारणाऱ्यांचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आणि झाकण उघडण्याआधी फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं चढवा. काही स्विचांमध्ये पंख्याचा वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा हे तेच ठरवतं. सुरू होताना पंखे मिनिटभर किंचाळतात आणि मग उतरतात, त्या पहिल्या मिनिटावरून स्विचला नावं ठेवू नका.

हवेबद्दल एकच सांगतो. मूळचे ४० बाय २८ चे पंखे दहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) पुढे सहज जातात. नॉक्टुआचा ४० बाय २० चा पाच हजारांवर थांबतो, ताशी ९.४ घनमीटर हवा आणि २.२६ मिलिमीटर पाण्याइतका दाब, एवढीच त्याची झेप. घरी हे खपून जातं, कारण चोवीस पोर्टच्या पीओई स्विचची (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा) ३७० वॉटची तरतूद चोवीसही पोर्टांवर १५.४ वॉट धरून केलेली असते, आणि आपल्याकडे असतात तीन कॅमेरे नि एक ॲक्सेस पॉइंट. कॅमेरे बारा झाले की हिशेब पुन्हा मांडायचा.

आता तिसरी वायर.

पीसीच्या फॅनमध्ये ही वायर टॅकची असते. ती वर, म्हणजे व्होल्टेजकडे, खेचून धरायचं काम स्विचच्या बोर्डाचं, एका रेझिस्टरमधून. पंख्याच्या हातात एवढंच, की वायर खाली ग्राउंडला ओढायची किंवा सोडून द्यायची. टॅकवाला पंखा एका फेरीत दोनदा ओढतो आणि दोनदा सोडतो. पाच हजार आरपीएमला हे सेकंदाला साधारण १६७ वेळा होतं. बोर्ड ते ठोके मोजतं आणि वेग काढतं. इथवर काही नवीन नाही.

एंटरप्राइझ स्विचांमध्ये, विशेषतः जुन्यांमध्ये, तशीच दिसणारी तिसरी वायर दुसरंच काम करते. तिला लॉक्ड रोटर म्हणतात, कुणी आरडी म्हणतं, कुणी नुसतं अलार्म. ही वायर ठोके देत नाही. पंखा फिरतोय तोवर ती खाली धरून ठेवलेली, पंखा अडकला की सोडलेली. किती वेगानं फिरतोय याच्याशी तिला देणंघेणं नाही. फिरतोय की नाही, एवढंच ती सांगते. यात हुशारीही आहे. वायर तुटली किंवा प्लग निसटला तर ती आपोआप वर जाते आणि बोर्ड बोंब मारतं.

दोन्ही पंखे तीन वायरचेच, दोन्हींचा प्लग सारखा असू शकतो, बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. अलार्म ऐकणाऱ्या बोर्डाला टॅकचा पंखा लावला, की खाली असायला हवी ती वायर सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा वर उडी मारताना दिसते. बोर्ड म्हणतं, पंखा अडकला. उलट टॅक मोजणाऱ्या बोर्डाला अलार्मचा पंखा लावला, तर वायर शांतपणे खाली पडून राहते, ठोका एकही नाही. बोर्ड म्हणतं, वेग शून्य. दोन्ही वेळी पंखा झकास फिरतोय आणि दोन्ही वेळी दिवा तोच पेटतो. म्हणूनच ग्राउंड करण्याचा उपाय एकाला लागू पडतो आणि दुसरा दोन दिवस डोकं आपटत बसतो. टॅकची वायर ग्राउंड केलीत, तर तुम्ही बोर्डाला स्वतःच्या हातानं ‘वेग शून्य’ असं सांगितलंत. मग काही स्विच उरलेला पंखा पूर्ण वेगात सोडतात. आवाज घालवायला गेलात आणि दुप्पट घेऊन आलात.

तिसरी एक उपजात आहे, तीही लगे हात सांगतो. बोर्ड टॅकचंच, पंखाही टॅकचाच, तरी दिवा पेटतो. अशा वेळी बोर्डानं किमान वेगाची रेघ आखलेली असते आणि पाच हजारवाला तिच्याखाली राहतो. इथे ग्राउंड करून काही होत नाही. जास्त वेगाचा पंखा घ्या आणि थोडा आवाज सोसा.

आपल्या स्विचला कुठली वायर हवी, हे ओळखायचं कसं? कमांड लाइनवर पंख्यापुढे आरपीएमचा आकडा दिसत असेल तर बोर्ड मोजतंय, म्हणजे टॅक. नुसतं ‘ओके’ दिसत असेल तर काहीच सिद्ध होत नाही. जुन्या पंख्याचा स्टिकर बघा. डेल्टा कंपनीच्या पंख्यांवर मॉडेलच्या शेपटीला एफ०० असेल तर टॅक, आर०० असेल तर अलार्म. लॅमिंग्टन रोडवर ‘चाळीसचा, तीन वायरचा’ म्हणून मागाल तर दोन्हींपैकी काहीही हातात पडेल, तेव्हा हे अक्षर स्वतः वाचा.

स्टिकर पुसलेला असेल तर जुन्या पंख्यालाच बोलतं करा. घरात पडलेला पीसीचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो. चार पिनांच्या मोलेक्स प्लगवर पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट. पंखा १२ वर लावा. तिसऱ्या वायरीपासून ५ व्होल्टपर्यंत दहा किलोओहमचा रेझिस्टर टाका. मल्टीमीटर डीसीवर ठेवून तिसरी वायर आणि ग्राउंड यांच्यामध्ये धरा. फिरताना अडीचच्या आसपास दिसलं तर टॅक, कारण मीटर त्या ठोक्यांची सरासरी दाखवतंय. जवळपास शून्य दिसलं तर अलार्म. खात्रीसाठी वीज बंद करा, आइस्क्रीमची काडी पात्यांत घालून पंखा अडवा आणि मग वीज द्या. अलार्मवाला थोड्याच वेळात ५ वर जातो. टॅकवाला शून्यावर किंवा पाचावर, जिथे अडकला असेल तिथे बसून राहतो. (काडीच घ्या, बोट नको.)

आता ग्राउंड करण्याबद्दल. अलार्मच्या बोर्डावर ते चालतं, दिवा विझतो, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. मीही ते केलं होतं. नागपूरच्या घरी स्विच माळ्यावर, पंखे नवे, तिसऱ्या वायरीची पिन थेट ग्राउंडला. दोन वर्षं सुखात गेली. मग मे महिन्यातल्या एका दुपारी आई म्हणाली, “गेटचा कॅमेरा गेला बघ.” वर चढून डब्याला हात लावला तर चटका बसला. कूलरच्या ताटीतून सुटलेली वाळ्याची एक काडी पंख्यात आडवी बसली होती आणि पातं तिच्यावर टेकून गप्प उभं होतं. लॅपटॉप जोडून पाहिलं तर स्विच सांगत होता, फॅन ओके. तो खोटं बोलत नव्हता, ते त्याला मीच शिकवलं होतं.

तेव्हा अलार्मच्या बोर्डाला अलार्मचाच पंखा द्या, हा माझ्या मते खरा उपाय. कमी वेगाचे आर०० मिळतात, शोधावे लागतात. नॉक्टुआच हवा असेल आणि हाताशी सोल्डरिंग असेल, तर टॅकचे ठोके बघत राहणारा आणि ते येताहेत तोवरच वायर खाली धरणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) मध्ये बसवा. पंखा थांबला की तोही वायर सोडतो.

पॉवर सप्लायच्या आतला पंखा मात्र मी बदलत नाही आणि बदला असं सांगतही नाही. २३० व्होल्ट डीसी झाले की सव्वातीनशेवर जातात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात.

माळ्यावरच्या स्विचमध्ये आता आर०० बसवलाय. नॉक्टुआपेक्षा आवाज जास्त आहे, घूं असा एक सूर सतत असतो. पण खाली कूलर चालू असला की तो ऐकू येत नाही.