डो हो सू यांची कापडी घरे

सू, डो हो : (१९६२). राहती घरे आणि त्यांतील दिव्याची बटणे, नळ, शेगड्या अशा रोजच्या वस्तू कापडातून प्रत्यक्ष आकारात शिवून उभ्या करणारे दक्षिण कोरियन शिल्पकार. जन्म सोल येथे. सध्या वास्तव्य लंडनमध्ये. त्यांचे वडील सू से-ओक हे कोरियातील शाईचित्रणाला आधुनिक वळण देणारे नामवंत चित्रकार. डो हो यांना लहानपणी सागरी जीवशास्त्रज्ञ व्हायचे होते. प्रत्यक्षात ते सोल राष्ट्रीय विद्यापीठात पौर्वात्य चित्रकला शिकले. १९९१ मध्ये अमेरिकेला गेल्यावर त्यांनी ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये चित्रकलेचे आणि येल विद्यापीठात शिल्पकलेचे शिक्षण घेतले (१९९७).

शिवणकामाकडे ते वळले मोजपट्टीच्या वाटेने. परमुलखात छताची उंची, दाराची मूठ, सगळेच अंगवळणी पडायचे असते. सू यांनी राहत्या-वावरत्या जागांची मापे घ्यायला सुरुवात केली. १९९४ च्या सुमारास त्यांनी आपला स्टुडिओ साध्या मांजरपाटात शिवून पाहिला. डोक्यात मात्र सोलचे घर होते. वडिलांनी १९७० च्या दशकात बांधलेले हे घर ‘हानोक’ पद्धतीचे, म्हणजे पारंपरिक लाकडी बांधणीचे आहे. सोलमधील छांगदक राजवाड्याच्या आवारातील एकोणिसाव्या शतकातील एका वास्तूवर ते बेतलेले आहे. न्यूयॉर्कच्या गोंगाटात झोप लागेना, तेव्हा त्या घरातली शांत झोप त्यांना आठवे. ते घर घडी घालून बॅगेत भरता आले तर कुठेही नेता येईल, ही कल्पना त्यातून सुचली.

‘सोल होम’ (१९९९) हे फिकट हिरव्या रेशमातले काम त्या कल्पनेचे फळ. लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ६ मीटर. छताला टांगलेले, प्रेक्षकाच्या डोक्यावर तरंगणारे. ते पहिल्यांदा लॉस एंजेलिसला मांडले गेले आणि पुढे ज्या ज्या शहरात गेले त्याचे नाव शीर्षकाला जोडले जाऊ लागले. यातले शिवण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तलम रेशमात कापडाची कच्ची कड आरपार दिसते. म्हणून हानबोक हा कोरियन पोशाख शिवणारे कारागीर ती कड बारीक दुमडून अरुंद, दुहेरी शिवण घालतात. अशा जाणत्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांकडून सू ही रीत शिकले, आणि घराच्या कडा, चौकटी, कौलांच्या रांगा या शिवणींनीच रेखाटल्या गेल्या. शाईच्या रेषेत वाढलेल्या माणसाला ही रेषा परकी वाटली नसावी. ही घरे एका हातची नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवे. मापे आणि बेतणे सू यांचे, शिवणारे हात अनेक.

पुढे रेशमाची जागा नायलॉन व पॉलिएस्टर यांनी घेतली आणि आतून स्टीलच्या तारेचा आधार आला. न्यूयॉर्कच्या पश्चिम २२ व्या रस्त्यावरील ३४८ क्रमांकाच्या इमारतीत सू भाड्याने राहत. तिथली खोली, बोळ आणि जिना त्यांनी पुन्हापुन्हा शिवले. ब्रिटनमधील टेट कलासंग्रहालयाच्या संग्रहातील लाल ‘स्टेअरकेस–३’ (२०१०) हा जिना छतातून उतरतो, पण जमिनीला टेकत नाही. २०१३ मध्ये सोलच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयासाठी त्यांनी अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरातले आपले तीनमजली घर पूर्ण आकारात शिवले आणि त्याच्या पोटात सोलचे हानोक टांगले.

आकाराने लहान, पण अधिक चिकित्सक असे काम ‘स्पेसिमन’ मालिकेत आहे. फ्रिज, कमोड, बाथटब, खोली उबदार ठेवणारा रेडिएटर ही मंडळी इथे काचेच्या पेट्यांत एकेकटी मांडलेली आहेत. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसारखी ही मांडणी पाहून सागरी जीवशास्त्राची जुनी हौस आठवल्याशिवाय राहत नाही. फ्रिजवरचे लेबल असो की दिव्याचे बटण, काहीच गाळलेले नाही. वजन आणि उपयोग मात्र नाहीसा झालेला. भव्य घरांपेक्षा या वस्तूंसमोर प्रेक्षक अधिक रेंगाळला तर नवल नाही.

सिंगापूरच्या एसटीपीआय या मुद्रणकला कार्यशाळेत सू यांनी दोऱ्याची चित्रेही केली. पाण्यात विरघळणाऱ्या जिलेटिनच्या पातळ पत्र्यावर घर, जिना किंवा माणसाची आकृती यंत्राने शिवायची आणि तो पत्रा ओल्या कागदी लगद्यावर ठेवायचा. जिलेटिन विरघळते, दोरा कागदात रुततो. तो थोडा सरकतो, गुंततोही. हे गुंते सू सोडवत नाहीत, चित्रात राहू देतात.