वीस पडला म्हणून तलवार मिळत नाही

ठाण्यात घंटाळीजवळ आमच्या घरी दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो; प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत साहसाची गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. नवा खेळाडू एक समज हमखास घेऊन येतो: "वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला, की मागाल ती जादूची वस्तू मिळते."

असं वाटणं स्वाभाविक आहे. वीस पडला की टेबलाभोवती जल्लोष होतोच. पण खेळाच्या 2014 च्या नियमांत वीसाला खरा मान आहे तो हल्ल्यात: वार हमखास लागतो, नुकसानीचे फासे दुप्पट होतात. पेटी शोधताना वीस पडला तर फार तर पेटी सापडेल. आत काय, ते डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधीच ठरवतो, नाहीतर खजिन्याच्या तक्त्यावर वेगळा फासा टाकतो.

साधा हिशेब करा. वीस पडण्याची शक्यता 20 त 1. संध्याकाळभरात सगळ्यांचे मिळून 100 फासे पडले, तर सरासरी 5 तलवारी! गोष्टच संपेल. म्हणून डीएमच्या पुस्तकात 'रेअर' (दुर्मीळ) वस्तू पात्राच्या साधारण 5 व्या लेव्हलपासून, त्याहून दुर्मीळ 'लेजेंडरी' 17 व्या लेव्हलपासून सुचवल्या आहेत. शिवाय बऱ्याच ताकदवान वस्तूंशी पात्राला आधी जुळवून घ्यावं लागतं, तेव्हाच त्यांची जादू पूर्ण चालते, आणि तेही एका वेळी तीनांशीच.

पडताळायचं असेल तर खेळाडूंच्या पुस्तकातलं 7 वं (शोधण्यासारख्या कामांच्या चाचण्यांचं) आणि 9 वं प्रकरण शेजारी ठेवून वाचा. वीसचा हा नियम लढाईच्या, म्हणजे 9 व्या प्रकरणात आहे.

आमच्याकडे एका मुलाने पेटीवर वीस टाकला आणि हात पुढे केला, "काका, तलवार?" पेटीत दोरी होती. चार रविवारांनी त्याच दोरीने तो विहिरीत उतरला. तलवार तिथे होती.