दारावर नेमका कोणता बोर्ड? उघडी गन, झाकलेली गन आणि टेक्ससमधलं तुमचं दुकान

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"तो गनवाला बोर्ड द्या हो," असं म्हणत कुणी ना कुणी आमच्या दुकानात येतच असतं. कोणता, असं विचारलं की उत्तर बहुधा एकच: "तोच, लाल गोलातलं पिस्तूल आणि त्यावर आडवी रेघ." तोही आम्ही छापतो, स्वस्तात पडतो. पण लायसन्स काढून कमरेला पिस्तूल लावणाऱ्याला टेक्ससमध्ये तो बोर्ड कायद्याने अडवत नाही. त्याला अडवायचं तर ठरलेला मजकूर, ठरलेल्या मापात, दोन भाषांत लागतो. शिवाय गन दिसतेय की कपड्याआड आहे, त्याप्रमाणे बोर्डही वेगळा.

हे फोनवर समजावून सांगता सांगता आमचा घसा बसला, म्हणून हे पत्रक. आम्ही बोर्ड बनवणारे आहोत, वकील नाही. खटल्याची किंवा करारनाम्याची बाब असेल तर वकिलालाच गाठा.

इथवर कसं आलं

आपल्याकडे बंदूक म्हटली की जिल्हा बँकेच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दुनळी मांडीवर घेऊन पेंगणारा वॉचमन डोळ्यांपुढे येतो. इथे दूध घ्यायला आलेल्या माणसाच्या पट्ट्यालाही पिस्तूल असू शकतं. तरी टेक्ससचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. रायफल खांद्याला लावून फिरायला इथे राज्यभराची बंदी कधी नव्हती, पण पिस्तूल बाळगण्यावर १८७१ पासून बंदी होती. १९९५ च्या कायद्याने ती सैल झाली: लायसन्स काढा आणि पिस्तूल कपड्याआड ठेवा. १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना ते होल्स्टरमध्ये, सगळ्यांना दिसेल असं लावायची मुभा मिळाली. पुढे १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला लायसन्सचीही गरज उरली नाही. लायसन्स बंद झालेलं नाही, सक्तीचं राहिलेलं नाही इतकंच. पुष्कळ लोक अजून काढतात, आणि तुमच्या दारावरच्या बोर्डाच्या दृष्टीने लायसन्सवाला आणि बिनलायसन्सवाला हे दोन वेगळे प्राणी आहेत. घोळ होतो तो इथेच.

तीन आकडे

टेक्ससच्या दंडसंहितेतली तीन कलमं लक्षात ठेवा: ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७. धंद्यातली मंडळी त्यांना नुसतं "पाच, सहा, सात" म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

सहा म्हणजे झाकलेली गन. लायसन्स असलेल्या माणसाने पिस्तूल कपड्याआड घेऊन आत येऊ नये, एवढंच हा बोर्ड सांगतो.

सात म्हणजे उघडी गन. तोच लायसन्सवाला, पण पिस्तूल दिसतंय. सहा लावला आणि सात लावला नाही, तर शर्टाखाली पिस्तूल असलेल्याला बंदी आणि पट्ट्याला मिरवणाऱ्याला मोकळं रान! असा एकटा सहा लावलेली दारं आम्ही पाहिली आहेत. २०१६ च्या आधी लावलेला बोर्ड, पुढे कुणी लक्षच दिलं नाही.

पाच हे मुळात अतिक्रमणाचं जुनं कलम. २०२१ मध्ये त्यात बोर्डाचा मजकूर घातला: बंदूक घेऊन या जागेत येऊ नये. हा बोर्ड बिनलायसन्सवाल्यांसाठी. त्यांची गन उघडी असो वा झाकलेली, पिस्तूल असो वा रायफल. लायसन्सवाला मात्र पिस्तुलाच्या बाबतीत या बोर्डातून सुटतो, कायद्यानेच त्याला तसा बचाव दिला आहे. म्हणजे कुणाचंही काहीही नको असेल तर तिन्ही बोर्ड लागतात. एकाने भागत नाही.

मग सगळ्यांनी तिन्ही लावायचे का?

आमचा धंदा बोर्ड विकायचा, तेव्हा आम्ही "हो" म्हणायला हवं. पण म्हणत नाही.

उघड्या गनचा प्रश्न इतर गिऱ्हाइकांचा आहे. पोराला घेऊन आईस्क्रीमला आलेली बाई पुढच्या माणसाच्या कमरेकडे बघते आणि पाकीट न उघडता परत फिरते. तिचं चूक की बरोबर, हा वाद तुमच्या काउंटरवर नको. झाकलेल्या गनचा प्रश्न मात्र तुमचा आहे, कारण ती तुम्हालाही दिसत नाही. सहा नंबरचा बोर्ड तुम्ही लावू शकता, पण तो पाळला जातोय की नाही हे तपासायचं कसं? दारात मेटल डिटेक्टर बसवणार आहात का? प्रामाणिक माणूस बोर्ड वाचून पिस्तूल गाडीत ठेवून येईल किंवा शेजारच्या दुकानात जाईल. ज्याच्या मनात खोट आहे तो वाचायला थांबणार नाही.

म्हणून बऱ्याच दुकानांनी मधला रस्ता काढला: पाच आणि सात लावायचे, सहा नाही. मग लायसन्स असलेला आणि पिस्तूल झाकून आणणारा तेवढाच आत येऊ शकतो. २०१६ मध्ये एच-ई-बी या टेक्ससच्याच किराणा साखळीने हेच धोरण धरलं होतं: उघडी गन नको, लायसन्सची झाकलेली चालेल. वॉलमार्टने त्याहून मवाळ वाट धरली. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या त्यांच्या दुकानात गोळीबार होऊन माणसं मेली. पुढच्या महिन्यात त्यांनी जिथे कायदा उघडी गन बाळगू देतो तिथल्या गिऱ्हाइकांना, ती दुकानात आणू नका, अशी विनंती केली. परवाना असलेल्यांची झाकलेली गन चालू ठेवली.

डे-केअर, दाताचा दवाखाना किंवा मुलांचे नाचाचे वर्ग असतील तर आम्ही तिन्ही सुचवतो, कारण तिथे पालक पहिला प्रश्न हाच विचारतात. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गॅस स्टेशनवाल्यांना आम्ही काही सुचवत नाही. त्यातले निम्मे मालक स्वतःच पिस्तूल बाळगतात, आणि स्वतःच्या जागेत त्यांना ती मोकळीक आहे.

बार असेल तर निवड तुमच्या हातात नाही. तिथेच बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूतून ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल, तर लाल ५१ चा बोर्ड सक्तीचा आणि आत पिस्तुलाला बंदी. त्यातला ५१ हा आकडा किमान पाच इंच उंच आणि भरीव लाल हवा. टेक्ससच्या उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो आणि गुलाबी ५१ पाहून इन्स्पेक्टर खूश होत नाही, तेव्हा हा बोर्ड आम्ही यूव्ही लॅमिनेशनशिवाय देत नाही.

एक इंच म्हणजे एक इंच

पाच, सहा, सात: तिघांनाही एकच नियम. अक्षरं ठसठशीत आणि किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीपेक्षा उठून दिसणाऱ्या रंगात, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, आणि लोकांना सहज दिसेल अशा जागी. सहा-सातचा मजकूर कायद्यात दिलाय तसाच, शब्दाला शब्द हवा. पाचच्या बाबतीत जवळपास तसा असला तरी चालतो.

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. २०१६ च्या जानेवारीत सात नंबरच्या ऑर्डरी धडाधड आल्या. एका रेस्टॉरंटचं काचेचं दार अरुंद होतं, तर अक्षर पाऊण इंच करून मजकूर छान बसवला. दिसायला सुबक. दोन दिवसांनी त्यांच्याच एका गिऱ्हाइकाने खिशातून टेप काढून अक्षर मोजलं आणि हसत म्हणाला, हा बोर्ड मला लागू नाही. तो सगळा व्हिनायल (अक्षरं कापायची चिकट प्लॅस्टिक फिल्म) हेअर ड्रायरने तापवून, ब्लेडने खरवडून काढला आणि नवीन फुकट लावून दिला. तेव्हापासून आम्ही फक्त मोठ्या लिपीतली अक्षरं कापतो, कारण लहान लिपीतला ए किंवा ओ एक इंचाला पोचत नाही.

याचा परिणाम म्हणजे बोर्ड मोठा होतो. दोन भाषा, एक इंच अक्षर, मध्ये वाचण्यापुरती मोकळी जागा: साधारण दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच, तोही एकेक. तिन्ही दारावरच लावले तर लॉटरी, ईबीटी (सरकारी अन्नमदतीचं कार्ड) आणि "पुश" यांचे स्टिकर कुठे लावणार? त्यामुळे बहुतेकांचं एखादं तावदान तरी खर्ची पडतं.

काचेवर रंग निवडताना आतून नव्हे, रस्त्यावरून बघा. दिवसा बाहेरून काच काळी दिसते. काळी अक्षरं तिच्यात बुडतात, पांढरी उठतात. आत पांढरा पडदा असेल तर नेमकं उलट.

आणि दार उघडं टेकवून ठेवायची सवय असेल तर बोर्ड दारावर लावूच नका. एका ओळखीच्या रेस्टॉरंटात उन्हाळ्यात दाराला वीट लावलेली असायची, बोर्डाचं तोंड भिंतीकडे! सरकत्या दाराचंही तेच. सात आणि पाच तर प्रत्येक प्रवेशाला लागतात. मागच्या पार्किंगकडून गिऱ्हाईक येत असेल तर ते दारही प्रवेशच. सहाला कायदा "प्रत्येक प्रवेश" म्हणत नाही, तरी सातच्या शेजारी लावलेला बरा.

मोटेल, पार्किंग, देऊळ

मोटेलवाल्यांना तिन्ही बोर्ड लावून मोकळं होता येत नाही. २०२१ पासून, खोली घेतलेल्या पाहुण्याने स्वतःची बंदूक खोलीत ठेवू नये किंवा गाडीतून खोलीपर्यंत नेऊ नये असं हॉटेल म्हणू शकत नाही. लॉबीतून नेताना ती झाकलेली किंवा पेटीत, बॅगेत असावी, असा नियम मात्र करता येतो. उघडी आणि झाकलेली यातला फरक इथे तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. चेक-इनच्या कागदावर छापायचा दोन ओळींचा मजकूर आमच्याकडे तयार आहे.

नोकरांना दुकानाच्या आत गन आणायला तुम्ही मनाई करू शकता. पण पार्किंगमध्ये, कुलूपबंद गाडीत ठेवलेल्या त्यांच्या कायदेशीर बंदुकीला, काही अपवाद सोडता, २०११ पासून मनाई करता येत नाही.

देवळाला आपोआप बंदी लागू नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रार्थनास्थळांनाही नको असेल तर तसं कळवावं लागतं, म्हणजे बोर्ड किंवा तोंडी सूचना. गणेशोत्सव शाळेच्या इमारतीत असेल तर तिथे शाळेचीच बंदी असते. हॉल भाड्याचा असेल तर आधी हॉलवाल्याशी बोला.

आणखी एक, बोर्डापलीकडचं. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण मोजकेच. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. गल्ल्याखाली मालकाचं पिस्तूल ठेवलेलं असेल आणि काउंटरवर असा कुणी भाचा-पुतण्या उभा असेल, तर ते पिस्तूल तिथे नको. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, बोर्ड घेवो न घेवो.

कुणी तरी आलाच तर

बोर्ड असताना गन घेऊन आत आला तर पहिला गुन्हा किरकोळ: २०० डॉलरपर्यंत दंड. पण तुम्ही तोंडाने निघा म्हटल्यावरही तो थांबला, तर तोच गुन्हा वरच्या वर्गात जातो: एक वर्षापर्यंत तुरुंग, ४,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे खरं वजन तुमच्या तोंडी वाक्याला आहे. ते काउंटरवरच्या पोरांकडून पाठ करून घ्या: "सर, वी डोन्ट अलाऊ ओपन कॅरी इन हिअर. प्लीज लीव्ह इट इन युअर कार." आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, कायदा शिकवायचा नाही. बहुतेक जण "ओह, सॉरी" म्हणून गाडीकडे जातात आणि परत येऊन समोसे घेतात. नाही ऐकलं तर मागे सरकून ९११. पिस्तूल होल्स्टरबाहेर हातात दिसलं तर वाक्यबिक्य काही नाही, थेट ९११.

गणवेशातला किंवा साध्या कपड्यांतला पोलीस मात्र अडवू नका. त्याला कुठलाच बोर्ड लागू होत नाही आणि गिऱ्हाइकांसाठी खुल्या असलेल्या जागेत त्याला शस्त्राची मनाई करता येत नाही.

ऑर्डर देताना

सगळ्या दारांचे फोटो पाठवा, दुपारी एक आणि रात्री एक, बाहेरून काढलेले. काचेचं माप इंचात द्या, चौकट सोडून. प्लाझातली भाड्याची जागा असेल तर बाहेरच्या काचेवर काय लावता येतं ते करारात बघून घ्या. टेक्ससचं विधिमंडळ विषम वर्षी बसतं आणि नवे कायदे बहुधा १ सप्टेंबरला लागू होतात. त्यामुळे दर विषम वर्षाच्या सप्टेंबरात आमच्याकडून लावलेला बोर्ड आम्ही येऊन तपासतो आणि मजकूर बदलला असेल तर नवा फक्त मालाच्या किमतीत देतो. जुना व्हिनायल स्वतः खरवडू नका, काचेवर चरे पडतात. हेअर ड्रायर आमच्याकडे आहे.