काजूच्या बिया आणि भागाकार

मार्च-एप्रिलात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या अंगणांत काजूच्या बिया वाळत पडलेल्या दिसतात. भागाकार शिकवायला याहून चांगलं साहित्य विकत मिळायचं नाही. बिया मात्र वाळलेल्या आणि अख्ख्या हव्यात. टरफलातलं तेल कातडी भाजतं, हे इथल्या पोरांना मास्तरांच्या आधी ठाऊक असतं.

समजा, १३७ बिया आहेत. दहा-दहाच्या राशी किती? एक मुलगा बिया सरकवत बसतो. शेजारची मुलगी हात न लावता सांगते: तेरा राशी, सात उरल्या.

दोघांत फरक हुशारीचाच असतो असं नाही. नवी माहिती आपण मनात एका वेळी फार थोडी धरू शकतो. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या आढाव्यानुसार मोठ्यांनाही साधारण चारच गोष्टी पेलतात. लहान मुलांना त्याहून कमी. दशक पक्का न झालेल्या मुलाच्या डोक्यात आकडे, गट, उरलेल्या बिया अशी सगळी गर्दी होते. बिया समोर असल्या की त्यातला बराच भार जमिनीवर उतरतो. मुलीला मात्र १३ दशक आणि ७ एकक हे एका नजरेत दिसतं. तिलाही राशी करायला लावल्या, तर ती मदत अडचणच ठरते. नवख्याला उपयोगी पडणारा आधार जाणकाराला जाचतो, हे शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलं.

तिला वेगळं विचारावं: २५ बियांची एक पिशवी, तर पिशव्या किती? (पाच, बारा उरतात.) आणि अख्खं पोतं न मोजता त्यातल्या बिया कशा सांगशील? इथे ती मापाला पेला शोधायला उठते. एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो अशा गावच्या शाळेत हे जमण्यासारखं आहे, कारण ढीग एकच लागतो.

‘हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते’ अशी वाटणी मात्र करू नये. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासलं, तेव्हा अशा वाटणीला पुरेसा आधार सापडला नाही. मुलाला आज काय येतं, एवढंच पाहावं. तेही रोज बदलतं: राशी करणारा मुलगा घरच्यांबरोबर बिया विकायला जात असेल, तर पोत्याच्या अंदाजात तोच पुढे निघेल. भागाकारात त्याच्या बिया हळूहळू काढून घ्याव्यात. आधी वहीत राशींची चित्रं, मग नुसते आकडे.