सशाच्या मागील भागाची स्वच्छता

निरोगी ससा स्वतःचे अंग चाटून साफ ठेवतो. त्याचे बूड धुवावे लागत नाही. तेथे लेंड्या चिकटत असतील किंवा केस मुताने ओले राहत असतील, तर ते दुखण्याचे लक्षण असते. नुसते धुऊन ते जात नाही.

ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. कोरड्या गोल लेंड्या सर्वांना दिसतात. दुसरी मऊ, चकचकीत, उग्र वासाची, द्राक्षांच्या लहानशा घडासारखी असते. ती उंडुकात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) तयार होते आणि ससा ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. तिच्यातून त्याला प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात. ती खायची राहिली की केसांत माखते. पाळणारे तिलाच हगवण समजतात. खरी हगवण पाण्यासारखी असते व सोबत कोरड्या लेंड्या जवळजवळ नसतात. तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

मऊ विष्ठा उरण्याचे नेहमीचे कारण आहार. पोळी, बिस्किटे, फळे (गाजरही, गोड असल्याने) आणि वाटीभर पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) यांमुळे ती पातळ होते किंवा गरजेपेक्षा जास्त बनते. वाळलेले गवत दिवसभर समोर असावे. पेलेट सशाच्या वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ग्रॅमपर्यंत पुरे. लठ्ठ सशाचे तोंड मागे पोचत नाही, म्हाताऱ्याची पाठ व सांधे वळत नाहीत, दात दुखणारा चाटणेच सोडतो. मुताने ओले राहणाऱ्या सशाच्या मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ असू शकतो. जादा कॅल्शियम ससे लघवीवाटे टाकतात, म्हणून कॅल्शियम भरपूर असलेला लसूणघास प्रौढ सशाला रोज नको.

धुणे अटळ असेल, तर पूर्ण आंघोळ घालू नये. ससा घाबरतो, गारठतो. टबात रबरी चटई टाकून ५ ते ७ सेंमी कोमट पाणी घ्यावे. छातीखाली एक हात, बुडाखाली दुसरा, असे धरून फक्त मागचा भाग बुडवावा. आधार सुटला आणि सशाने जोराची लाथ झाडली, तर त्याचा कणा मोडू शकतो. घाण भिजू द्यावी, ओढू नये. कातडी कागदासारखी फाटते, त्यामुळे कात्रीही नको. गुंते ट्रिमरने काढावेत. नंतर मुळापर्यंत कोरडे करावे. खालची लव दाट असल्याने वरून कोरडी वाटली तरी आत ओल राहते व कातडी सोलवटते. ड्रायर मंद आचेवर, दुरून धरावा.

जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत गंधग्रंथींचा तपकिरी, मेणचट मळ साचतो. खनिज तेलात बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो सैल करून पुसावा.

पावसाळ्यात माशा घाणीवर अंडी घालतात. उबदार, दमट हवेत एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येऊन कातडी पोखरू लागतात, म्हणून या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली पाहावे. अळी दिसली की चिमट्याने वेचत ताबडतोब दवाखाना गाठावा. कुत्र्यांसाठीचा फिप्रोनिलचा (पिसवा-गोचिडांवरच्या औषधाचा) फवारा मात्र चुकूनही मारू नये. सशाला तो जीवघेणा ठरू शकतो.